कोंब-ग्रीजची सदतीस घड्याळं

१२ जानेवारी, सोमवार

पोचले एकदाची! ला शो-द-फोंहून निघताना वाटलं होतं, अर्ध्या वाटेतून परत फिरावं लागणार. पण खालच्या वळणावर बर्फ सारणारी पिवळी गाडी भेटली आणि तिच्या मागोमाग माझी जुनी गाडी कुरकुरत का होईना, कोंब-ग्रीजपर्यंत चढली. चालवणारा एलोई बोरेल. पन्नाशीचा, लालबुंद कानांचा. खाली उतरून त्याने माझी बॅग उचलली, कुणाकडे निघालीस म्हणून विचारलं, आणि ग्रांजाँसाहेबांचं नाव ऐकताच बॅग तिथेच बर्फात ठेवून निघून गेला. मला हसूच आलं. डोंगरातली माणसं ती.

घर गावाच्या डोक्यावर आहे. वरच्या मजल्यावर उत्तरेला ओळीने पाच खिडक्या, म्हणजे कुणा घड्याळजीनेच बांधलेलं. खिडकीखाली छातीइतक्या उंचीचं मेज, त्यावर बर्फाचा पांढरा उजेड. इतका चांगला उजेड मला अठरा वर्षांत घड्याळांच्या कारखान्यात मिळाला नाही. तिथे शरद ऋतूत मला घरी बसवलं, तेव्हापासून हात शिवशिवत होते.

गास्पार ग्रांजाँ चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. मऊ बोलतात, डोळे तिखट आहेत. उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी सुजून वाकडी झाली आहेत. काम त्यांनी एका दमात सांगितलं. संग्रहात सदतीस मनगटी घड्याळं आहेत, सगळी रोज चावी मागणारी. बोटं आता साथ देत नाहीत. बारा ठेवायची, बाकीची सोडायची. कोणती बारा, ते मी ठरवायचं. तोवर रोज सकाळी सातला सगळ्यांना चावी मी द्यायची.

याहून गोड काम कुणाला मिळालं असेल? जेवायला धुरावलेलं सॉसेज आणि बटाटे होते. घर सांभाळणारी झेली साठीची आहे, काटकुळी, अबोल. ताट ठेवताना ती माझ्या चेहऱ्याकडे न बघता हातांकडे बघत होती.

१४ जानेवारी

घड्याळांचं ताट उघडलं आणि आधी भिंग शोधलं. हिरव्या बनातीवर सहा ओळी, आणि शेवटचं एक वेगळं. सोन्याची पातळ घड्याळं, दोन रुप्याच्या नाण्यांइतकी जाड. तीन अशी, की कळ दाबली की वेळ वाजवून सांगतात. दोन अशी, की फेब्रुवारी किती दिवसांचा हे त्यांना आपोआप कळतं. धावण्याच्या शर्यती मोजणारी पाच. आणि चौदा नुसती पांढऱ्या तबकडीची, सोन्याची, एकमेकांची भावंडं शोभावीत अशी. भिंग लावून मागचं झाकण उघडलं की आतल्या पुलांच्या, म्हणजे चाकं धरून ठेवणाऱ्या पट्ट्यांच्या, कडा आरशासारख्या. ज्या जागी माणसाची नजर कधी जाणार नाही तिथेही कुणीतरी आठवडाभर लाकडाच्या काडीने घासत बसलेलं आहे.

सगळी याच गावची. खालच्या ओढ्याकाठी कारखाना होता. बॅटरीची घड्याळं आली आणि शहात्तर साली तो बसला. शेवटच्या दिवशी मालकाने तिजोरीतलं एकेक घड्याळ प्रत्येक कामगाराच्या, अगदी पास्टर आणि शाळेच्या बाईंच्याही मनगटावर बांधून निरोप दिला. पुढच्या हिवाळ्यात चुली थंड पडल्या, तेव्हा ग्रांजाँसाहेबांनी दारोदार जाऊन ती विकत घेतली. प्रत्येकाच्या मनगटावरून आपल्या हातांनी सोडवून.

प्रत्येक घड्याळाला दोऱ्याने नावाची चिठ्ठी बांधली आहे, उपडी. ती सुलटी करायची नाही, एवढीच त्यांची ताकीद. म्हणाले, नाव वाचलं की नजर बिघडते. मला ते पटलं. घड्याळ कुणाचं होतं, त्याच्याशी त्याच्या गुणाचा काय संबंध?

१६ जानेवारी

आज गावात गेले. पेरनूच्या बेकरीत पाचसहा जण गप्पा मारत होते. मी आत शिरले तसे सगळे भिंतीकडे सरकले. पेरनू हा थुलथुलीत माणूस, दाढीत पीठ. मी बेदाण्यांचा पाव मागितला. त्याने मागे भरलेल्या फळीकडे बघत संपला म्हणून सांगितलं. मग काउंटरवर कोपरं टेकून विचारलं, "किती निवडलीत बाई?"

मी म्हटलं, अजून एकही नाही. कुणीतरी मागून खोकलं. एक म्हातारा, नुमा जाको, टोपी हातात घेऊन माझ्याशी काही बोलायला पुढे आला, तर दोघांनी त्याला दंड धरून मागे ओढलं. बाहेर पडले तर माझ्या गाडीच्या काचेवर थुंकी गोठलेली.

झेलीला विचारलं, गावाचं माझ्याशी काय वाकडं आहे? ती म्हणाली, आणखी बटाटे वाढू का?

१८ जानेवारी, रविवार

पहिली तीन ठरली. सोडायची तीन.

ठरवायची माझी रीत सरळ आहे. दोन घड्याळं एकच काम करत असतील तर त्यातलं एकच ठेवावं. ज्याच्या कडा कुणी नंतर घासून गोल केल्या असतील ते जावं, कारण गेलेली धार परत येत नाही. नवी तबकडी बसवलेलंही जावं. आणि शेवटी, डोळे मिटून हात ज्याच्याकडे जाईल ते राहावं. या हिशेबाने करड्या तबकडीचं शर्यतीचं एक गेलं (कडा घासलेल्या), एक चौकोनी गेलं (काटे मूळचे नाहीत), आणि पांढऱ्या चौदांतलं एक, ज्याच्या सहाच्या आकड्याजवळ केसाएवढा तडा आहे.

ग्रांजाँसाहेब खूश झाले. तिन्ही स्वतः उचलून वेगळ्या खणात ठेवली आणि उद्यापासून यांना चावी नाही म्हणाले. मग दोघांना अबसिंथ ओतली. चांगला माणूस आहे.

२० जानेवारी, मंगळवार

सकाळी नऊला चर्चची घंटा सुरू झाली ती थांबेना. झेलीने सांगितलं, नुमा जाको लाकडांच्या खोपटात बसल्या जागी गेला. मग पुन्हा घंटा. दूध डेअरीवरची सेलेस्टीन, अठ्ठावन्न वर्षांची, गाईची धार काढता काढता.

बाराच्या सुमारास मी मेजाशी होते. खिडकीखाली एलोईची पिवळी गाडी रस्ता साफ करत चढत होती. ती हळू झाली, तिरकी झाली आणि कुंपणात घुसली. एलोई दारातून खाली बर्फात पडला. पाय झाडत होता.

मला काय सुचलं ते अजून कळत नाही. मी तो खण उघडला. दोन घड्याळं थांबलेली. करड्या तबकडीचं चालू होतं, पण इतकं हळू, की दोन ठोक्यांमध्ये मी श्वास घेऊन सोडला. चिठ्ठी सुलटी केली. ए. बोरेल. मी चावी दिली. खिडकीशी उभी राहून, त्याच्याकडे बघत, वीस-बावीस वेढे. तो उठून बसला. टोपी शोधली. मग वर पाहिलं आणि माझ्या हातात काय आहे ते त्याला दिसलं.

बाकी दोन चिठ्ठ्याही वाचल्या. न वाचताच माहीत होतं.

दहा मिनिटांनी तो दारात होता. मला वाटलं, रडेल, हात धरेल. तो म्हणाला, "म्हणजे माझं तू टाकलं होतंस."

मी म्हटलं, कडा घासलेल्या होत्या. खरंच हेच म्हणाले मी. याच शब्दांत.

२१ जानेवारी

ग्रांजाँसाहेबांना समोर बसवून विचारलं. त्यांनी काहीच लपवलं नाही. सत्त्याहत्तर साली ते आजारी पडले आणि एका घड्याळाची चावी चुकली, तेव्हा त्यांना कळलं. माणूस आधी गेला तर घड्याळ थांबतं, घड्याळ आधी थांबलं तर माणूस. असं का, ते त्यांना माहीत नाही. त्यांना त्यात रसही दिसला नाही.

मी ओरडले, तुम्हाला ठाऊक होतं! ते म्हणाले, "ठाऊक नसतं तर बावीस वर्षं रोज पहाटे कशाला उठलो असतो? एक दिवस सुट्टी घेतली नाही मी. कुणी एकदा तरी आभार मानले? रस्त्यात दिसलो की दारं लावतात."

मग ज्याची त्याला परत का नाही देत? तेही झालं होतं म्हणे. पास्टरने त्र्याऐंशी साली आपलं चोरून नेलं. त्याने चावी फिरवली, ती नुसतीच फिरत राहिली, आत काही भरलं नाही. मग बायकोने फिरवली, मग शेजाऱ्याने. तिसऱ्या दिवशी पुरला त्याला, घड्याळ मनगटावरच. ज्याचं घड्याळ या ताटात आहे त्याच्या हातची चावी कुठल्याच घड्याळाला लागत नाही. आणि गावात तर आता ताटातलीच माणसं उरली आहेत. पोरंबाळं केव्हाच खाली शहरात गेली.

मग मीच का? यावर ते हसले. "मी निवडलं तर तो सूड होईल, ओडिल. कोण माझ्याशी कसं वागलं ते सगळं माझ्या ध्यानात आहे. तुला फक्त घड्याळं कळतात. तू निवडलंस की तो न्याय."

मी सांगितलं, पस्तीसच्या पस्तीस घड्याळांना मी चावी देणार. एकही सोडणार नाही. त्यांनी खांदे उडवले.

२३ जानेवारी

मला सगळं माहीत झालं, हे गावाला कळलं आहे. काल दिवसभर दारावर रांग. चीज, मुरवलेलं मांस, हाताने विणलेले मोजे, केक. प्रत्येक जण आपलं घड्याळ वर्णन करून सांगतो. माझं सोन्याचं, पांढरी तबकडी. माझं सोन्याचं, पांढरी तबकडी. तशी तेरा आहेत म्हटलं की त्यांचे चेहरे पडतात.

ते एवढ्यावरच थांबले असते तर बरं झालं असतं. जाता जाता प्रत्येक जण कानाशी येतो. मोनिएची बायको म्हणते, जागा करायची असेल तर पेरनूचं काढा, तो पिठात भेसळ करतो. पेरनू स्वतः येऊन म्हणाला, "ब्रांद बंधू दोघे आहेत ना, मग एक पुरे की." आणि डोळा मारला.

सगळ्यांची चालू राहणार, मी पुन्हा पुन्हा सांगते. कुणाचा विश्वास बसत नाही.

फक्त झेलीने काही मागितलेलं नाही. तिचंही आहे ताटात, तिच्याच तोंडून कळलं. ती तबकड्यांवर आकडे रंगवायची. कोणतं आहे तुझं, विचारलं, तर म्हणाली, "सांगितलं तर तू माझ्या हातचं जेवताना त्याचा विचार करशील. नको." आणि ताटं उचलून नेली.

२६ जानेवारी

हे लिहायलाच हवं.

दुपारी जेवून वर आले तर ग्रांजाँसाहेब ताटावर वाकले होते. त्या वाकड्या बोटांनी दोरे सोडत होते. मला वाटलं, घड्याळं बंद करताहेत. मी ताट ओढलं. ते सोडेनात. म्हातारा हात, पण चिमट्यासारखा. एक घड्याळ खाली पडलं, काच फुटली, मी ती उचलायला गेले आणि काचेचा तुकडा उजव्या अंगठ्यात घुसला, पार हाडापर्यंत. ते जिन्याकडे सरकत म्हणत होते, नावं वाचलीस ना, आता तू बिघडलीस, आता तुझ्या हातून न्याय व्हायचा नाही. पुढे आणखी काही. मी त्यांना फक्त बाजूला —

जिना उंच आहे. चौदा पायऱ्या.

पडलेलं घड्याळ चालू आहे. नुसती काच गेली. मी आधी ते पाहिलं. मग त्यांच्याकडे गेले.

२८ जानेवारी

पुरलं त्यांना. थडग्यापाशी झेली आणि मी. बाकी गाव चर्चच्या भिंतीला टेकून उभं, टोप्या डोक्यावरच. ते पडले असं मी सांगितलं. कुणी काही विचारलं नाही. सगळे माझ्या पट्टी बांधलेल्या अंगठ्याकडे बघत होते.

परत आले तर माझ्या गाडीची चारही चाकं फाडलेली. पेरनूच्या हातात अजून पाव कापायचा दात्यांचा सुरा होता, त्याने तो लपवलाही नाही. म्हणाला, "एवढ्या थंडीत कुठे जाताय बाई? वर ऊब आहे."

मी जाणार नव्हतेच. पस्तीस माणसांना मागे टाकून कशी जाईन मी? पण हे त्याला सांगायला गेले तर तो शीळ घालत निघून गेला होता.

३१ जानेवारी

फोन बंद आहे. ब्रांद बंधूंनी फाटकाशी बर्फाची भिंत रचली आहे, माझ्या डोक्याहून उंच. त्यावरून टोपली सोडतात. पाव, दूध. दुधावर काहीतरी तरंगत होतं. मोनिए भिंतीपलीकडून म्हणाला, "पी पी, ताकद पाहिजे ना." आणि हसला.

म्हणे गावाच्या सभेत ठरलं. कोणी मला खाली जाऊ द्यायचं नाही. एलोईने हात वर केला होता, झेली सांगत होती. पहिला त्याचाच.

अंगठा सुजला आहे. पिकला आहे. घड्याळाच्या कडेची चावी इतकी बारीक, तिच्या दात्यांवर नख घसरतं. एका घड्याळाला तीस वेढे. पस्तीस घड्याळं. आज सातला सुरू केलं, संपलं तेव्हा झेलीने दुपारचं सूप आणलं होतं. एका घड्याळाला चिमट्याने देऊन पाहिलं तर त्याच्या चावीचे दाते सोलले. पुन्हा नाही.

२ फेब्रुवारी

डाव्या हाताने. सवय नाही, उलटं फिरतं. तर्जनीची कातडीही गेली.

ताप आहे. झेली दिवसातून दोनदा मिठाच्या गरम पाण्यात हात धरून बसते. पू निघाला तेव्हा मी किंचाळले, तर तिने माझं डोकं स्वतःच्या पोटाशी दाबून धरलं. मग लगेच कडक आवाजात म्हणाली, हलू नकोस, सांडेल.

खाली कुणीतरी ओरडतंय. वाजले किती, दिलीस का, दिलीस का. रोज सकाळी ओरडतात. मुलं नाहीत ही, साठीची माणसं आहेत. बर्फाचे गोळे मारतात खिडकीवर. एका गोळ्यात दगड होता.

४ फेब्रुवारी, बुधवार

आज एकतीस दिली.

चार दिली नाहीत.

हात चालत नव्हता, हे खरं आहे. पण एकतीस झाली, तर पस्तीसही झाली असती. दुपारपर्यंत बसले असते तर. म्हणजे हात हे कारण नव्हे. मी चिठ्ठ्या शोधून काढल्या. पेरनू. मोनिए. ब्रांद थोरला. ब्रांद धाकटा. चारही वेगळ्या खणात ठेवली. तबकडीकडे पाहिलंसुद्धा नाही, कडांकडे नाही, फक्त नावं.

खिडकीतून पेरनू दिसला. टोपली सोडत होता, शीळ घालत. मी त्याला हात केला.

किती बरं वाटलं. हेही लिहून ठेवते.

५ फेब्रुवारी, सकाळ

घंटा. दोनदा.

झेली कॉफी घेऊन आली आणि सांगितलं — शाळेच्या म्हाताऱ्या बाई ज्युनी, अंथरुणातच. आणि चर्चमध्ये पेटी वाजवणारा. ज्युनीबाईंनी मला मोजे विणून दिले होते. पायात आहेत ते आत्ता.

फाटकाशी पेरनू उभा आहे. ठणठणीत. ब्रांद दोघेही. मोनिए घंटेकडे बघत छातीवर क्रूसाची खूण करतोय.

खण उघडला. दोन थांबलेली, पेरनूच्या नावाचं, मोनिएच्या नावाचं. मग ताटाकडे धावले. एलोईचं करडं घड्याळ मी ओळखते, त्याच्या कडा ओळखते. त्याची चिठ्ठी सुलटी केली. तिथे मोनिएच्या बायकोचं नाव लिहिलंय.

म्हातारा घड्याळं बंद करत नव्हता. चिठ्ठ्या बदलत होता. मी नावावरून निवडू नये म्हणून. पस्तीस चिठ्ठ्या, कुठली कुठे, त्यालाच ठाऊक, आणि मी त्याला जिन्यावरून

ज्युनीबाई. मी ज्युनीबाईंना

दोन अजून चालू आहेत. ब्रांदांच्या नावाची. कुणाची आहेत? हळू. फार हळू.

नंतर

झेली खाली गेली नव्हती. जिन्याच्या वरच्या पायरीवर बसली आहे, कठड्याला डोकं टेकून. रिकामा कप हातात. ओठ निळे. थकले गं जरा, म्हणाली.

त्या दोहोंतलं एक तिचं.

पहिल्याला दिली. डाव्या हाताने, अंगठा आणि दुसरं बोट, सगळं रक्ताने निसरडं, पुसत पुसत. नऊ वेढे, दहा. धरलं. ठोके भरले, नीट चालू झालं. झेलीकडे पाहिलं —

ती तशीच. कप हातातून घसरला. रस्त्यात कुणीतरी ओरडलं, उठला, उठला, शुद्धीवर आला. कोण ते माहीत नाही. कोण का असेना

दुसरं. चावी सोललेली आहे. चिमट्याने मीच सोलली होती, त्या दिवशी. बोट धरत नाही. नुसतं फिरतं वरच्या वर. रुमालाने — नाही. मेण लावून — नाही

तबकडी पांढरी. आकडे हाताने रंगवलेले. किती सुंदर आहेत हे आकडे. मी कधी पाहिलेच नव्हते

झेलीने डोळे उघडले. विचारते, "माझंच आहे ना गं ते?"

मी म्हटलं नाही. म्हटलं, तुझं केव्हाच भरलं, गप पडून राहा.

हसली. खोटं बोलायला शिकलीस, म्हणाली.

दोन ठोक्यांमध्ये मी आता एवढं सगळं लिहू शकते. दातांनी धरून बघते. वही ठेवते. अजून आवाज आहे — अजून —